पट्टी की पंच

गेल्या वर्षीचा चौदा जून, शनिवार. ठरलेली रक्कम एक लाख दहा हजार रुपये, त्यापैकी तीस हजार रोख जमा. हजर चौघं: आमचे डॉक्टर, मी, पेशंट अजित आणि अजितचे वडील आबा. पैसे आबांनी दिले. बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "पावती फाडा. पर तिच्यावर केसं लिवू नका, औषधपानी लिवा."

मी 'केशरोपण, आगाऊ' असंच लिहिलं. आबांनी पावती लांब धरून वाचली, चार घड्या घातल्या आणि टोपीच्या घडीत खोचली.

सांगलीतल्या केसांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं तंत्रज्ञ आहे. आठवड्यातून एक दिवस आम्ही साताऱ्याला तपासणीला बसतो. त्याआधी एका सर्जनकडे ऑपरेशनला मदतनीस होतो. तिथं माझं मुख्य काम मोजण्याचं. पोटात जितक्या कापडाच्या घड्या गेल्या तितक्या बाहेर आल्या का, हे बघितल्याशिवाय टाका पडायचा नाही. ती सवय इथं उपयोगी पडली, कारण आमचा धंदाच मुळं मोजण्याचा. आम्ही जैन. मी ही नोकरी धरली तेव्हा आई म्हणाली होती, "आपले महाराज हातानं केस उपटून टाकतात, आणि तू उपटलेले परत लावणार. बघ बाबा, तुझं तू."

या कामात रक्ताचा, सुयांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो बोलण्याचा. येणारा प्रत्येक जण फोनवर चार व्हिडिओ बघून येतो आणि खुर्चीत बसायच्या आधी पद्धतीचं नाव सांगतो. हळदीचे एक व्यापारी आले होते. त्यांनी विचारलं, "अण्णा, एका मुळाला पन्नास म्हणता. तीन हजार घेतली तर काय भाव लावाल?" मी म्हटलं, "शेठ, पोतं माझ्याकडं नाही. माल तुमच्याच डोक्यात आहे, तो किती आहे ते आधी बघू." ते रागावून गेले. दुसऱ्या एका दवाखान्यानं त्यांना चार हजारांचा शब्द दिला. नंतर समजलं, ते चार हजार केस होते, मुळं नव्हती. एका मुळातून एक, दोन, तीन, कधी चार केस निघतात. मोजायचं काय, हेच आधी ठरवलं नाही तर आकड्याला अर्थ काय राहतो? पण हे सांगायला लागलं की लोक घड्याळ बघतात.

बाहेरच्या माणसासाठी एकदाच नीट सांगतो. टक्कल पडलं तरी डोक्याच्या मागच्या बाजूला, कानापासून कानापर्यंत, केस टिकून राहतात. तेच आमचं बियाणं. ते काढायच्या पद्धती दोन. पहिली पट्टीची. मागच्या केसांमधून बोटाएवढी रुंद आणि वीतभर लांब अशी कातडीची एक पट्टी उचलायची, दोन्ही कडा ओढून टाके घालायचे आणि त्या पट्टीतली मुळं आम्ही टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक सुटी करायची. दुसरी पंचची. बारीक नळीसारखं पातं फिरवून डोक्यावरूनच एकेक मूळ उचलायचं. रोपं लावणाऱ्याला मी असं सांगतो: पट्टी म्हणजे वाफाच मातीसकट उचलून घरी आणला आणि सावलीत बसून रोपं सोडवली. पंच म्हणजे वाफ्यातच बसून एकेक रोप उपटलं. पुढं लावण्याचं काम दोन्हीत सारखंच. पेन म्हणून ज्याची जाहिरात करतात ते मुळं लावायचं हत्यार आहे, काढायचं नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा बोललो ते मोजलं नाही, एवढी एकच गोष्ट मी मोजलेली नाही.

पट्टीत मुळं तुटत नाहीत, डोळ्यांसमोर सुटी होतात, आणि सगळं डोकं भादरावं लागत नाही. पण मागं एक रेघ जन्मभर राहते. केस दोन बोटं वाढलेले असले की ती झाकली जाते. पंचला रेघ नाही, बारीक ठिपके राहतात. पण मागचं आणि बाजूचं डोकं मशीननं पार शून्य करावं लागतं. वेळ जास्त लागतो, आणि हात कच्चा असला तर मुळं मधेच कापली जातात. कुणी हावरेपणानं जास्त उचलली तर मागचा भाग कसर लागलेल्या शालीसारखा दिसतो. साताऱ्याला एक हवालदार आले होते. त्यांनी दुसरीकडं पट्टी करून घेतली होती. फौजेत दर पंधरवड्याला बारीक हजामत. दर पंधरवड्याला बराकीतले लोक विचारायचे, "साहेब, ही गोळी कुठं लागली?" त्यांना पंच करायला पाहिजे होता. पण तिथं पट्टीच करत होते, म्हणून पट्टीच सगळ्यात आधुनिक, असं त्यांना सांगितलं गेलं.

आता अजित. वय एकतीस, रहिमतपुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, गाव तिथून सात-आठ किलोमीटरवर, नदीकाठी. पुढून कपाळ पार मधल्या भोवऱ्यापर्यंत गेलेलं. चार ठिकाणी नकार आलेला. पाचवं स्थळ पलूसचं, मुलीचे वडील द्राक्षबागायतदार. तिथं मुलगी बघायला जाताना यानं डोक्यावर काळी भुकटी मारली होती. ती लांबून केसांसारखी दिसते. होकार आला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. तोवर भुकटीच्या जागी केस पाहिजेत, म्हणून तो आमच्याकडं आला होता. "अण्णा, हे मोडलं तर मी पुन्हा कुठं बघायला जानार न्हाई," एवढंच तो म्हणाला.

तुळशीच्या लग्नापर्यंत पाच महिने होतात. पाच महिन्यांत केस उगवायला लागलेले असतात, भरलेले नसतात. पूर्ण दिसायला वर्ष लागतं. हे मी तीनदा सांगितलं. त्यानं तीनदा मान हलवली.

मी त्याला पंच सुचवला होता. दुकानात दिवसभर मान खाली घालून काम, केस बारीक कापायची सवय, मागची रेघ गिऱ्हाइकाच्या नाकासमोर येणार. डॉक्टरांनाही ते पटलं. पण पंचसाठी डोकं भादरावं लागतं म्हटल्यावर आबा खुर्चीतून उठले.

"भादरायचं? गोटा?"

"मागून आणि बाजूनं, आबा. महिन्यात वाढतात."

"मी जित्ता हाय अजून," आबा म्हणाले. "बाप जित्ता असताना पोरगं गोटा करून गावात आलं, तर लोकं दारात लाकडं घिऊन येतील. आमच्या घरात हे चालत न्हाई. येची आई खुळी हुईल."

"आबा, हे ऑपरेशनसाठी आहे. याचा आणि त्याचा काय संबंध?"

"तुमचा नसंल, आमचा हाय."

अर्धा तास गेला. मी कागदावर दोन डोकी काढून दाखवली. एका डोक्याला रेघ काढली, दुसऱ्याला ठिपके दिले. न भादरता पंच करणारेही आहेत, पण आमच्याकडं ते होत नाही आणि खर्च दुप्पट, हेही सांगितलं. अजित मधेच म्हणाला, "आबा, म्हैन्याचा तर प्रश्न हाय." आबांनी त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "अण्णा, पट्टीनं काम चांगलंच होतं. सोडा ना." मी सोडलं. डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मला राग आला, कारण पद्धत ठरली ती डोकं बघून नव्हे.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सकाळी नऊला सुरू, पाचला संपलं. आम्ही तिघं टेबलावर मुळं सोडवत होतो. एका केसाची वेगळी, ती पुढच्या रेषेला. दोन-तीन केसांची मागं. ओल्या कापडावर दहा-दहाच्या ओळी लावतो. ठरली होती दोन हजार दोनशे, निघाली दोन हजार चाळीस. जास्त काढायला पट्टी रुंद करावी लागली असती आणि रेघ ताणली गेली असती, म्हणून डॉक्टर थांबले. आबा दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होते. जेवायला म्हणून उठले आणि परत आले तर हातात आमच्या तिघांसाठी केळी. त्यांची स्वतःची टोपी त्या दिवसभरात मी एकदाही निघालेली बघितली नाही. खाली काय होतं ते अजितच्या कपाळावरून कळत होतं.

निघताना त्यांनी अजितच्या डोक्यावर सैल टोपी घातली आणि मला म्हणाले, "गावात काय सांगायचं त्ये मी सांगतो. गाडीवरनं पडला म्हनून सांगतो."

"खरं सांगितलं तर काय बिघडतं, आबा?"

"सोयरीक बिघडती."

गुरुवारी, म्हणजे ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी, आबा सकाळी धार काढायला गोठ्यात गेले ते तिथंच बसले. दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं होतं.

शुक्रवारी अजितचा फोन आला. आवाज बसलेला होता. मी दोन शब्द बोललो, तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "अण्णा, दहाव्याला वस्तरा फिरवायचा हाय डोक्यावर. चाललं का?"

मी दिवस मोजले. दहावा शनिवारी, अठ्ठावीस तारखेला. ऑपरेशनला त्या दिवशी चौदा दिवस होत होते. टाके काढायची तारीखही तीच. ऑपरेशननंतर दहा दिवसांत लावलेली मुळं धरतात, खपल्या सुटतात. पण कातडी नवी असते. तिच्यावरून वस्तरा ओढायचा म्हणजे काय होईल सांगता येत नाही. मागच्या रेघेवरून तर नाहीच. कात्री किंवा मशीन, न दाबता, चालेल. त्याला तसं सांगितलं.

"चुलतं ऐकायचं न्हाईत," तो म्हणाला.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत सर्टिफिकेट लिहून दिलं, की सदर रुग्णानं तीस दिवस डोक्याला वस्तरा लावू नये. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मी म्हटलं, "डॉक्टर, हे नदीवर कुणाला दाखवायचं?" ते म्हणाले, "अण्णा, आपल्या बाजूनं आपण लिहून दिलेलं बरं." बारा वर्षं त्यांच्या बाजूनं ते नेहमी असंच लिहून देतात. नदीवर मात्र मलाच जावं लागतं.

सुतकात अजित सांगलीला येणार नव्हता, टाके तर काढायचे होते. डॉक्टरांनी गाडी दिली, ड्रायव्हर दिला नाही. दहाव्याच्या दिवशी बायकोनं पहाटे डबा दिला, "तिथं काही खाऊ नका, आल्या-आल्या आंघोळ करा," असं बजावलं आणि वर विचारलं, "टाके काढायला घरी जाण्याचे पैसे वेगळे घेता का हो?" मी नाही म्हटलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण तोंडावरून ठीक वाटलं नाही.

गोठ्याच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या कडेला अजितला पाठमोरं बसवून टाके काढले. जखम चांगली भरली होती. अजित एकदाच बोलला, "आबा म्हनालं हुतं, पट्टीच कर."

पुढच्या अंगाला येतो तर त्याचे चुलते, बापू, आबांचे धाकटे भाऊ, ओट्यावर वाट बघत होते. त्यांना ऑपरेशनचं काहीच माहीत नव्हतं. डोक्याला मार लागलाय, टाके पडलेत, एवढंच. मी सर्टिफिकेट दिलं. बापूंनी ते उलटसुलट केलं.

"ह्यो कागद पिंडापाशी ठेवू का?"

"बापू, वस्तरा नको एवढंच आहे त्यात. कात्रीनं केस काढू. बारीक काढू."

"कात्रीनं मेंढरं भादरत्यात. बापाला केसं कात्रीनं देत न्हाईत. आमच्यात कवाच दिल्याली न्हाईत."

"जखम उघडली तर?"

"चार थेंब रगात येईल. बापासाठी येऊ दे की!"

मी त्यांना जखम म्हणजे काय हे सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात दारात अजितची आई आली. तिनं पदर सावरला आणि दिराकडं न बघता म्हणाली, "भावजी, कात्रीच."

"वैनी, तुमी यात..."

"त्या डोक्याला पैसं तुमच्या भावानं घातल्यात. वस्तरा लावायचा न्हाई." आणि ती आत गेली. कसले पैसे, हे बापूंना कळलं नाही. पण त्यांनी सर्टिफिकेट माझ्या हातात परत दिलं आणि चपला घातल्या.

नदीवर चाळीस-पन्नास माणसं होती. नाभिक किसन धोपटी उघडून बसला होता. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि कुठं दाबायचं नाही ते बोटानं दाखवत गेलो. तो म्हणाला, "माझं काय, कात्री म्हना, वस्तरा म्हना. पर मान पुरा घेनार. पाचशे एक." अजित उघड्या अंगानं, ओल्या पंच्यात बसलेला. त्याच्याकडं पैसे कुठले? मीच दिले. किसनचा हात हलका होता. पुढच्या लावलेल्या केसांना त्यानं वरून वरून कात्री लावली, मागं मशीन फिरवलं.

आणि रेघ दिसली. कानापासून कानापर्यंत, लालसर, टाक्यांच्या खुणांसकट.

मागं कुजबुज सुरू झाली. आधी मला वाटलं विधीबद्दल असेल. मग ऐकू आलं.

"गाडीवरनं पडून अशी पडती व्हय? फूटपट्टीनं आखल्यागत हाय."

"मिरजंला डोस्कं उघडलं आसंल. गाठ आसंल मेंदूची. माझ्या साडूची आशीच काडली हुती."

"मग?"

"मग काय, सा म्हैनं काडलं त्येनं."

गर्दीत पलूसचे पाहुणे होते, मुलीचे वडील. पांढरा शर्ट, हातात हार. त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता घरी जाऊन काय सांगणार. टक्कल लपवलं म्हणून मोडायची ती सोयरीक आता मेंदूच्या गाठीवर मोडणार होती.

मी एका वाक्यात सगळं मिटवू शकलो असतो. पण पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी तो कधी मोडलेला नाही. माझ्या मागं तीन माणसं त्या मेंदूच्या गाठीला आकार देत होती. एकानं लिंबाएवढी सांगितली, दुसऱ्यानं तिचा पेरू केला. अजितला सगळं ऐकू जात होतं. त्याच्यासमोर पिंड मांडायचं काम चाललं होतं. बोलायचं तर आबा ज्या दिवशी घाट उतरून जाणार त्याच दिवशी त्यांना खोटं पाडायचं. नाही बोलायचं तर पलूस संपलं.

पाहुणे पुढं आले. "अजितराव, आबांनी मला फोनवर सांगितलं हुतं, गाडीवरनं पडला म्हनून. ह्ये पडल्यालं दिसत न्हाई. आजार आसंल तर आताच सांगा. माझी एकच पोरगी हाय."

बापू म्हणाले, "पावणं, आता ही येळ हाय का?"

"व्हय, हीच हाय."

अजित मान खाली घालून बसला होता. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजार न्हाई. केसं लावून घेतल्यात. मागची काडून म्होरं लावल्यात. आबांनी पैसं दिलं. पडलो म्हनायचं आमचं दोघांचं ठरलं हुतं." आणि माझ्याकडं वळून, "अण्णा, बाकीचं तुमी सांगा."

मग मी नदीवर, चाळीस-पन्नास माणसांसमोर, पट्टी आणि पंच समजावून सांगितली. दवाखान्यात एवढ्या शांततेनं माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पट्टी कुठून काढली, मुळं कशी सुटी केली, किती निघाली. दोन हजार चाळीस म्हटल्यावर किसननं कात्री खाली ठेवली. पंच केला असता तर रेघ आली नसती, पण डोकं भादरावं लागलं असतं, आणि आबा जिवंत असताना ते आबांना नको होतं, हेही मी सांगितलं. बापूंनी उपरणं तोंडाला लावलं.

पाहुण्यांनी वाकून रेघ जवळून बघितली, मग पुढची लावलेली जागा. "म्हंजे कलम म्हना की."

"कलम नाही. कलमात दुसऱ्याचा खुंट असतो. इथं झाड तेच, फक्त जागा बदलली."

"मग नांग्या भरल्या म्हना," ते म्हणाले. पिकाच्या ओळीत रोप मेलं की रिकाम्या जागेला आमच्याकडं नांगी म्हणतात. ती दुसरं रोप आणून भरतात. बारा वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता. "मर किती धरता?"

"थोडी धरावीच लागते. सगळी जगतील असं जो सांगेल त्याच्याकडं जाऊ नका."

"आनि बाकीची हायती ती बी गळत ऱ्हानार?"

"जुनी गळू शकतात. औषध चालू ठेवावं लागेल."

त्यांनी मान हलवली. मग अजितला विचारलं, "आनि ह्ये पोरीला कवा सांगनार हुता?"

अजित ओला पंचा सावरत राहिला. पाहुणे म्हणाले, "मीच सांगतो तर," हार ठेवला आणि गेले. कावळा पाच मिनिटांत शिवला. त्यानं कात्री आणि वस्तरा असा भेद केला नाही.

तीन दिवसांनी पलूसहून त्या मुलीचा फोन आला. नंबर तिनं अजितकडूनच घेतला होता. तरी मी तिला थांबवून आधी अजितला विचारलं, बोलू का म्हणून. मग वीस मिनिटं ती प्रश्न विचारत होती. औषध किती वर्षं, त्याचा त्रास काय, मुलांना हे होईल का, एकूण खर्च किती, हप्ते आहेत का. एकाही प्रश्नात पद्धतीचं नाव नव्हतं. मी प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं, जिथं माहीत नव्हतं तिथं डॉक्टरांना विचारून सांगतो म्हटलं. शेवटी तिनं विचारलं, "लग्न वर्षाच्या आत करावं लागणार. फेब्रुवारीत केलं तर फोटोत कसं दिसेल?"

"पुढून बरं दिसेल. दाट नाही. मागून रेघ दिसायची नसेल तर केस वाढवावे लागतील."

"मला मागून फोटो काढायचेच नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी भुकटी मारून येण्यापेक्षा तेव्हाच हे सांगितलं असतं, तर माझे चार दिवस वाचले असते. चार दिवस मी त्या गाठीचा विचार करत होते."

"तीन दिवस," मी म्हटलं. "दहावा शनिवारी झाला."

"वडलांना आदल्या दिवशीच कुणीतरी फोन केला होता. आणि खरं काय ते त्यांनी मला आज सकाळी सांगितलं," ती म्हणाली. गावात टाक्यांवरून आधीच तर्क सुरू झाले होते, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात अजितचा फोन. घाबरलेला. "अण्णा, गळाय लागल्यात. लावल्याली सगळी. हात फिरवला की हातात येत्यात."

मी डोळे मिटले. लावलेले केस महिन्याभरात गळतातच. मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी तिथून नवा केस येतो. हे मी त्याला ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, नंतर सांगितलं होतं, छापील कागद दिला होता, त्यावर त्या ओळीखाली लाल पेननं रेघ मारली होती.

"अजित, कागद वाचलास का?"

"न्हाई."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आबांचं आबांनी नेलंच म्हना. बापूकाका म्हनत हुते तेवढं झालं."

मुळं आणि केस यांतला फरक मी त्याला आणखी एकदा सांगणार होतो. नाही सांगितला.

हे सगळं लिहायला अजितची परवानगी आहे, नावं बदललेली आहेत. मला अजूनही वाटतं की त्याला पंच करायला हवा होता. पंच केला असता तर आबांच्या हयातीत गोटा झाला असता आणि पाच दिवसांनी आबा गेले असते, आणि मग त्या घरात जन्मभर काय बोललं गेलं असतं, हेही मला कळतं. याचा हिशेब कुठल्याच बाजूनं जुळत नाही. शेवटच्या मुळांची मोजणी संपली तेव्हा आबा बाहेर केळ्यांची सालं गोळा करत होते. किती निघाली हे त्यांना सांगावं असं मनात आलं होतं, पण गडबडीत राहून गेलं.

लग्न फेब्रुवारीत झालं. मार्चमध्ये दोघं सांगलीला दाखवायला आली. पुढं चांगली उगवण होती, उजव्या बाजूला थोडी विरळ. अजितनं बाकीचे ऐंशी हजार टेबलावर ठेवले. मी त्याला हिशेब दाखवला. ठरलेली मुळं दोन हजार दोनशे, निघालेली दोन हजार चाळीस, पन्नासनं एक लाख दोन हजार, त्यातून आबांचे तीस हजार वजा, येणे बहात्तर हजार. अजित म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा, आठ हजारात काय." डॉक्टर आतून म्हणाले, "अण्णा, ते राहू दे म्हणतायत." त्याच्या बायकोनं मात्र कागद स्वतःकडं ओढला, गुणाकार एकदा करून बघितला आणि हात पुढं केला.

दवाखान्याला बहात्तर हजार मिळाले, पावती अजितच्या नावानं. आठ हजार परत दिले, ते तिच्या हातात. तिनं तिथंच दोनदा मोजले.